बुलिमिया : चोचला नव्हे, आजार

भूक हा दलित साहित्याला नवा विषय नाही. 'बलुतं' १९७८ साली आले, 'उपरा' १९८० साली. अन्नासाठी माणसाला किती अपमान गिळावा लागतो, हे या आत्मकथनांनी मराठी वाचकाला दाखवले. या दोहोंच्या मधल्या वर्षी, १९७९ साली, लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी तीस रुग्णांच्या अभ्यासावरून एका आजाराला नाव दिले : बुलिमिया नर्व्होसा. यात अन्न पुढ्यात असते, पण खाणे हीच यातना होऊन बसते. भाकरीसाठी ज्यांच्या आजोबांनी दारोदार हिंडावे, त्यांच्या नातीला असला आजार कसा होईल? हा तर श्रीमंतांचा चोचला, असे आपल्यातील अनेकांना वाटते. हीच समजूत रुग्णाला दडवून ठेवते. म्हणून ती तपासली पाहिजे.

या आजाराचे एक चक्र असते. वजन वाढेल या धास्तीने माणूस उपाशी राहतो. मग एकदा खायला लागला की त्याला थांबता येत नाही. पाठोपाठ लाज आणि अपराधी भावना येते. खाल्लेले बाहेर टाकण्यासाठी तो उलटी करतो, जुलाबाच्या गोळ्या घेतो किंवा पुन्हा उपास धरतो. आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने असे घडत राहिले तर डॉक्टर बुलिमियाचे निदान करतात. वजन बहुधा नेहमीसारखेच असल्याने घरच्यांनाही पत्ता लागत नाही. आत मात्र शरीर झिजत असते. आम्लाने दातांवरचे कवच विरते, गालाखालच्या ग्रंथी सुजतात. रक्तातले पोटॅशियम घसरले तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.

आपल्या भाषेत अशा माणसासाठी 'खादाड', 'अधाशी' हेच शब्द तयार असतात. पण हा अधाशीपणा नव्हे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. पुढे अन्न मोकळे झाल्यावर त्यांपैकी काहींना कितीही खाल्ले तरी थांबता येईना. अनावर खाण्याचे मूळ अनेकदा उपासमारीतच असते. आनुवंशिकता, नैराश्य, बालपणीचे आघात हेही या आजाराला हातभार लावतात.

मग भरल्या घरात उपाशी राहायला लावते कोण? वर्सोव्यात फिरून पाहावे. एकीकडे कोळीवाडा आहे, तिथे बाईचे शरीर मासळीची पाटी उचलते. जवळच आराम नगरात ऑडिशनसाठी रांगा लागतात, तिथे शरीराचे मापच पात्रता ठरते. याच चित्रसृष्टीतील अभिनेत्री रिचा चड्ढा यांनी २०१६ साली आपल्याला बुलिमिया झाल्याचे जाहीर भाषणात सांगितले. पडद्यावरचे हे माप घरोघर पोचते. फिजी बेटांवरील एका भागात १९९५ साली टीव्ही आला, तेव्हा ॲन बेकर यांच्या पाहणीत वजनासाठी उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झाले. गोरी, बारीक, नाजूक हे माप प्रस्थापितांचे आहे. जातीने जिचा रंग नि देह आधीच हीन ठरवला, तिच्यावर त्याचा मार दुहेरी बसतो.

हा आजार बरा होतो. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून मांडलेली, 'सीबीटी' या नावाने ओळखली जाणारी पद्धत यात सर्वाधिक उपयोगी ठरली आहे. साधारण वीस भेटी लागतात. रुग्ण खाण्याची वही ठेवतो. ठरल्या वेळी, फार खंड न पाडता जेवतो, कारण उपास तुटला की चक्रही ढिले पडते. मग वजन म्हणजेच आपली किंमत, या विचाराला हात घातला जातो. किशोरवयात कुटुंबालाही उपचारात घेतात. फ्लुओक्सेटिन हे औषध नैराश्यावर देतात त्याहून अधिक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते.

उपचार खाजगी दवाखान्यांपुरते नाहीत. वर्सोव्याजवळ पालिकेचे कूपर रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत सरकारी क्रमांक चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळवणे हा हक्क झाला आहे. हक्क असूनही रुग्ण दारापर्यंत पोचत नाही, कारण त्याला लाज वाटते.

तेव्हा शिक्षकांनी वर्गात कोणाच्या अंगावर, रंगावर शेरे मारू नयेत. जेवण होताच मोरीत जाणाऱ्या मुलीला 'नाटकी' म्हणू नये. तिला बाजूला घेऊन शांतपणे विचारावे. भुकेविषयी बोलताना ज्या चळवळीने कधी मान खाली घातली नाही, तिने या आजाराविषयीही तसेच उघड बोलावे.