सेमिनरीतून परतलेला मुलगा फितूर नव्हे

नागपुरातील सेमिनरी हिल्स या वस्तीला जिच्यामुळे नाव मिळाले त्या संत चार्ल्स सेमिनरीत, अथवा एखाद्या धर्मसंघात, चार-दोन वर्षे काढून पत्र्याची ट्रंक घेऊन घरी परतलेल्या तरुणाला रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात ‘काहून रे, वापस आला?’ असे जे विचारले जाते, त्यात विचारपूस थोडी आणि आरोप अधिक असतो. देवाचे पाचारण याने मोडले, आता घरादाराला त्याचे फळ भोगावे लागेल, ही समजूत सुशिक्षितांच्याही तोंडून इतक्या वेळा ऐकावी लागते की तिचा निःसंदिग्ध प्रतिवाद करणे प्राप्त आहे.

चर्चचा १९८३ चा कायदा काय सांगतो ते पाहावे. कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणास्तव, कोणावरही गुरुदीक्षेची सक्ती करण्यास कलम १०२६ सक्त मनाई करते. कलम ६५३ अन्वये नॉव्हिसला, म्हणजे संघात दाखल झालेल्या नव्या उमेदवाराला, संघ सोडून जाण्याची पूर्ण मुभा असते. आणि किमान एक वर्षाच्या या उमेदवारीनंतरही पहिली व्रते तीन ते सहा वर्षांच्या मुदतीचीच असतात, मुदत भरल्यावर त्या व्यक्तीने निरोप घेतला तर तिच्यावर कोणताही ठपका येत नाही. फादर होण्यासाठी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा किमान सहा वर्षांचा अभ्यास आणि पंचवीस वर्षे पूर्ण झालेले वय आवश्यक ठरविले आहे, ते पाचारणाची पारख घाईने होऊ नये म्हणूनच. शिवाय ती पारख एकट्या उमेदवाराची नसते, कारण दीक्षाविधीत प्रत्यक्ष बिशप, ‘हे पात्र आहेत काय?’ असे विचारतात आणि लोकांत तपास केल्याचा दाखला मिळाल्यावरच पुढे जातात. जिचा निकाल प्रवेशाच्या दिवशीच ठरला तिला पारख म्हणताच येणार नाही! डीकन झाल्यावर किंवा आजीवन व्रते घेतल्यावर मात्र गोष्ट निराळी, कारण तेथे वचन दिलेले असते. पण त्याआधी, आणि मुदतीची व्रते घेतली असल्यास ती मुदत भरल्यावर, परतणाऱ्याने कोणतेही वचन मोडलेले नसते, हे त्या मुलाच्या आईला तरी कोणी समजावून सांगावे.

याचा अर्थ कंटाळा आला की चालू पडावे, असा नव्हे. मन उदास व अंधारलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, असे संत इग्नाती यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत बजावले आहे, आणि आत्मिक मार्गदर्शकाशी बोलल्यावाचून घेतलेला निर्णय, मग तो राहण्याचा असो वा जाण्याचा, कच्चाच समजावा.

पाचारणासाठी स्वप्न किंवा दृष्टान्त व्हावा लागतो, हेही खोटे. शांत चित्ताने साधक-बाधक विचार करून केलेली निवड इग्नातींना मान्य आहे. आईने नवस बोलला म्हणून मुलगा बांधला जात नाही. मुलीला बळजबरीने मठात धाडणाऱ्यांना तर त्रेंतच्या परिषदेने १५६३ मध्येच बहिष्काराची शिक्षा सांगितली. धर्मप्रांताचे फादर दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, ते संघीयांचे. आणि लग्न करणे म्हणजे पाचारण नाकारणे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी नागपुरातील सदर भागातले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे १६०९ चे भक्तिजीवनावरील पुस्तक उघडावे: ते त्यांनी मठवासीयांसाठी नव्हे, तर संसारात राहणाऱ्यांसाठी लिहिले.