आजोबांची सायकल थांबते का?

दोस्तांनो, जिन्याखालून आजोबांची जुनी सायकल बाहेर काढलीत? झकास! सांगाडा दणकट, कॅरिअर मजबूत, लांबच्या फेरीला आणखी काय हवं? पण टांग मारण्याआधी तिला एक प्रश्न विचारा, "बाई गं, तू थांबतेस का?"

खारदांड्यातल्या मुलांनी तर हे विचारायलाच हवं. एकीकडे पाली हिलचा उतार, दुसरीकडे समुद्र आणि मधे कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्या. वळणावर कोणी मावशी मासळीची पाटी घेऊन येते, कोणी पोरगं चेंडूमागे धावतं. त्यातून खारा वारा लोखंडाला गंज चढवतो. आणि पाऊस आला, की ब्रेक दाबूनही जुनी सायकल आपली पुढेच!

असं का होतं? जुन्या सायकलींच्या रिमा पोलादाच्या, वर गुळगुळीत चकचकीत मुलामा. त्यावर पाण्याचा थर बसला, की रबर घसरतं. ॲल्युमिनियमच्या ओल्या रिमवर तेच रबर पुष्कळ चांगली पकड घेतं. म्हणजे दोष नुसता ब्रेकचा नसतो, रिमचाही असतो!

आता तुमचा ब्रेक कोणता ते पाहा. हँडलपासून चाकापर्यंत सळया गेल्या असतील, तर तो सळयांचा ब्रेक. मूठ दाबली की त्याची रबरं रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या बाजूवर दाबली जातात. वायरचा ब्रेक मात्र सांडशीने पातेलं धरावं तसा रिमला दोन्ही बाजूंनी धरतो. अशा वायरीच्या यंत्रणेचं पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी ब्रिटनमध्ये १८९६ साली घेतलं. आजही तिला 'बाउडन केबल' म्हणतात.

कोणी म्हणेल, "सळया काढा, वायरचे ब्रेक लावा, झालं काम!" थांबा. सळयांच्या ब्रेकच्या रिमला बाजूने धरायला सपाट कडा नसते. त्यामुळे ब्रेक बदलायचा तर रिमही बदलावी लागते, आरे नव्याने गुंफावे लागतात. रिमचं माप जुळायला हवं आणि ब्रेकचे हात रिमपर्यंत पोचायला हवेत. हे काम सायकल दुरुस्तीवाल्या काकांचंच. पैसे एकाच चाकापुरते असतील, तर पुढचं चाक आधी करा. थांबताना सगळा भार पुढे येतो, म्हणून पुढचा ब्रेकच जास्त काम करतो.

तोवर थोडक्या पैशांत काय करता येईल? घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि कामाला लागा.

१. रबरं कडक, चकचकीत झाली असतील तर नवी बसवा. ती पूर्णपणे रिमवरच टेकली पाहिजेत. टायरला घासली तर टायर फाटेल.

२. वायर गंजली असेल किंवा तिचा एखादा धागा तुटला असेल, तर नळीसकट बदला. सळया असतील तर सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्या. रिमवर मात्र तेल मुळीच नको!

३. रिम कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा.

आता परीक्षा. मोठ्यांच्या देखरेखीखाली, रहदारी नसलेल्या सपाट जागी खडूची रेघ ओढा. हळू वेगाने या, रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम दाबा आणि सायकल किती पावलांवर थांबली ते मोजा. मग रिमांवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा तेच करा. दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक पाहून डोळे विस्फारतील! आणि एक गणित विसरू नका: वेग दुप्पट झाला, की थांबायला अंतर चौपट लागतं. दहा पावलांची चाळीस पावलं होतात.

पावसात निघालात तर उताराच्या आधीच ब्रेक हलकेच दाबून चाकाचे चार फेरे होऊ द्या, रिमवरचं पाणी पुसलं जाईल. आणि ओला आकडा फारच मोठा आला असेल, तर उतारावर सरळ खाली उतरा, सायकल हाताने चालवत न्या. त्यात लाज कसली? वळणावरच्या मावशीला तुमचा वेग दिसत नसतो. तिला वाचवणार तुमचे ब्रेकच.