वाहनचालकाची परीक्षा

सारथ्य ही आपल्याकडे प्राचीन काळापासून प्रतिष्ठेची विद्या मानली गेली आहे. राज्यभ्रष्ट झालेल्या नळाला ऋतुपर्णाच्या घरी आश्रय मिळाला तो त्याच्या अश्वविद्येमुळे, आणि कर्णासारख्या महारथ्यालाही अर्जुनासमोर उभे राहताना शल्याचे सारथ्य आवश्यक वाटले. रथाची गती आजच्या मोटारीच्या मानाने कितीतरी कमी होती. तरी तो कोणाच्या हाती द्यावयाचा याचा विचार केला जात असे. आज शंभर घोड्यांचे बळ एका पेडलखाली सामावलेले असताना ते कोणाच्या पायाखाली जावे याविषयी आपण किती काटेकोर आहोत, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

वेळ आली आहे असे म्हणण्याचे कारण आकड्यांतच आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सरासरी एकोणीस मृत्यू. एखाद्या मध्यम गावाची वस्ती दरवर्षी पुसून जावी, तसा हा प्रकार आहे. या मृत्यूंपैकी दहातील सात मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदराखाली झालेली आहे. सदोष रस्ते, जुनाट वाहने, अंधार ही कारणेही आहेतच; परंतु वेग वाढविणारा पाय हा माणसाचा असतो, आणि म्हणून त्या माणसाला आपण काय शिकवितो व त्याची परीक्षा कशी घेतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. 1939 चा जुना मोटार वाहन कायदा जाऊन त्याच्या जागी 1988 चा कायदा आला. या कायद्याप्रमाणे परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली शिकाऊ परवान्याची. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे, नियम, अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य यांसंबंधी एक लहानशी प्राथमिक चाचणी द्यावी लागते. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर दुसरी पायरी येते, ती प्रत्यक्ष वाहन चालविण्याच्या परीक्षेची. सर्वसाधारण वाहनासाठी वयाची अठरा वर्षे आणि मालवाहू अथवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात.

या दुसऱ्या परीक्षेत काय पाहावे याची यादी 1989 च्या केंद्रीय नियमांत दिलेली आहे, आणि ती वाचली म्हणजे नियम करणाऱ्यांच्या विचाराचे कौतुक वाटते. आरसा नीट लावणे, खूण करून मगच वळणे, चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा निघणे, उतारावर खालचा गिअर घालणे, दुसऱ्याला पुढे जाऊ देणे, पादचाऱ्याची बूज राखणे, अचानक प्रसंग आल्यास त्वरेने थांबणे, हे सारे त्यात आहे. यादीत उणेपणा फारसा नाही. उणेपणा आहे तो यादीपासून मैदानापर्यंतच्या अंतरात. अनेक ठिकाणी ही परीक्षा म्हणजे दुचाकीने इंग्रजी आठचा आकडा काढणे आणि मोटारीने ‘एच’ या अक्षरातून मागे-पुढे जाणे एवढ्यावरच आटोपते. या करामतींना हातोटी लागते, हे खरे. परंतु त्या सावकाश आणि मोकळ्या मैदानात करावयाच्या असतात. माणसे मरतात ती भर वेगात, रात्री, आणि बैलगाडी, सायकल, ट्रक व पादचारी एकाच पट्ट्यात चालत असताना.

शिवाय, ही अपुरी परीक्षादेखील सर्वांनी दिलेली असते काय? या संदर्भात दिल्लीमध्ये झालेला एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. 2004 आणि 2005 या वर्षांत काही अर्थशास्त्रज्ञांनी परवान्यासाठी आलेल्या 822 व्यक्तींचे तीन गट केले. एका गटाला परवाना लवकर मिळविल्यास रोख बक्षीस देऊ केले. दुसऱ्याला मोफत वाहनशिक्षण देऊ केले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. परवाना हाती आल्यावर या सर्वांची एक स्वतंत्र, अनपेक्षित चाचणी घेण्यात आली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : परवाना मिळविणाऱ्यांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी अधिकृत परीक्षा दिलीच नव्हती, आणि सुमारे 62 टक्के लोक परवाना मिळाला त्या वेळी वाहन चालविण्यास पात्र नव्हते. सरकारी शुल्काच्या सुमारे अडीचपट रक्कम सरासरीने खर्च झाली होती, आणि वरची रक्कम मध्यस्थांमार्फत गेली होती. ज्यांना घाई होती त्यांनी मध्यस्थाचा मार्ग अधिक धरला, आणि गाडी न येताच परवाना मिळविणारेही त्यांच्यातच अधिक निघाले.

या अभ्यासाचा खरा धडा लाचेपुरता मर्यादित नाही. लाच देऊन एखाद्याचा दाखला चार दिवस आधी निघाला, तर रांगेतील इतरांवर अन्याय होतो; पण लाच देऊन वाहनपरवाना निघाला, तर जे त्या रांगेत कधी उभेच नव्हते त्यांच्या जिवावर बेतते. हा अभ्यास झाल्याला आता बरीच वर्षे लोटली. त्यानंतर अर्ज व शुल्क भरणे संगणकावर आले आणि अनेक शहरांत कॅमेरे व संवेदक बसविलेले स्वयंचलित परीक्षामार्ग झाले. यंत्राला ओळखदेख नसते, ही त्याची जमेची बाजू. परंतु यंत्र जे मोजते तेवढेच तपासले जाते. चालकाच्या नजरेत सावधपणा आहे की नाही, हे त्या रेघांवरून कळत नाही.

तीच गोष्ट दृष्टीची. घरगुती वाहनासाठी अर्ज करणारा तरुण आपल्याला पंचवीस मीटरवरून गाडीच्या पाटीवरचा क्रमांक वाचता येतो, असे स्वतःच लिहून देतो. प्रत्यक्ष पाटी वाचून दाखवावयास अर्धे मिनिटही लागत नाही. ते अर्धे मिनिट प्रत्येक परीक्षेत दिले गेले पाहिजे.

आता शिक्षणाकडे वळू. मोटार शिकविणाऱ्या शाळांसाठी नियमांनी किमान मर्यादा घातली आहे : हलक्या खाजगी वाहनासाठी एकवीस दिवस व प्रत्यक्ष चालविण्याचे दहा तास; वाहतुकीच्या वाहनासाठी तीस दिवस व पंधरा तास. दहा तासांत क्लच सोडणे आणि गिअर बदलणे हाताला बसते. रस्ता वाचणे बसत नाही. जड वाहनांच्या बाबतीत तर शाळेचा संबंधच पुष्कळदा नाममात्र असतो. मुलगा क्लीनर म्हणून ट्रकवर चढतो, पाने-टायर सांभाळता सांभाळता उस्तादाच्या शेजारी बसून शिकतो, आणि एके रात्री उस्तादाला झोप आली म्हणजे चाक त्याच्या हाती येते. या पद्धतीत उस्तादाचे गुण उतरतात तसे दोषही उतरतात. डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड त्यांपैकीच एक. बोरघाटासारख्या लांब उतारावर इंजिनाचा अडसर काढून घेतला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापले की धरेनासे होतात, आणि मग पुढे काय होते ते वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा साधा नियम ज्याला शिकविला गेला नाही, त्याला केवळ बेपर्वा म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

चांगल्या शिक्षणात आणखी एका गोष्टीला स्थान हवे, ती म्हणजे अंतराचे गणित. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढे अंतर गाडीने ब्रेक लागण्यापूर्वीच तोडलेले असते. कोरड्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबावयास आणखी तेवढेच लागते. म्हणजे एकूण 28 मीटरच्या आसपास. वेग दुप्पट, म्हणजे ताशी 100 किलोमीटर केला, तर एकूण अंतर दुप्पट होत नाही, ते 80 मीटरच्या वर जाते. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्या चालकाच्या अंगी कितीही चपळाई असली, तरी या गणितापुढे तिचा उपयोग नाही.

परदेशांनी या बाबतीत काय केले? ब्रिटनमध्ये 1934 साली रस्त्यांवर 7,343 माणसे मेली. पुढच्याच वर्षी तेथे वाहनपरीक्षा सक्तीची झाली. 1996 मध्ये तिला स्वतंत्र लेखी चाचणीची जोड मिळाली, आणि 2002 पासून धोका ओळखण्याची चाचणी सुरू झाली. या चाचणीत उमेदवाराला रस्त्याची चलच्चित्रे दाखवितात. पदपथावरचे मूल चेंडूमागे धावण्याच्या बेतात आहे, हे त्याला किती लवकर उमजते ते मोजले जाते. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची रीत घातली : नवशिक्याला आरंभी रात्री एकट्याने गाडी चालविण्याची किंवा सोबत मित्रमंडळी बसविण्याची मोकळीक नसते, अनुभव वाढेल तशी ती मिळते.

मात्र नुसते कौशल्य वाढविले म्हणजे अपघात घटतात, असे समजणेही भाबडेपणाचे होईल. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे विशेष शिक्षण नवीन चालकांना देऊन पाहिले, तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरील अपघात उलट वाढल्याचे दिसून आले. आपल्याला येते, या विश्वासाने ते अधिक वेगाने जाऊ लागले होते. तात्पर्य हे की, शिक्षणाने हात तयार व्हावा, पण त्याहून आधी मन सावध व्हावे.

आपल्याकडे 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू झाली. तीत हलक्या वाहनासाठी 29 तासांचा आणि मध्यम व जड वाहनांसाठी 38 तासांचा अभ्यासक्रम ठरविला असून कृत्रिम चालनयंत्र व स्वतंत्र परीक्षामार्ग असणे केंद्राला बंधनकारक आहे. तेथे उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला परिवहन कार्यालयाची वाहनपरीक्षा माफ होते. शिक्षणाचे तास असे वाढणे ही निश्चितच प्रगती होय. परंतु जो शिकवितो आणि शुल्क घेतो, तोच उत्तीर्णही ठरवितो, अशी ही व्यवस्था असल्यामुळे तिची अवचित तपासणी होणे अत्यावश्यक आहे. दिल्लीच्या अभ्यासाप्रमाणे परवाना मिळालेल्या काहींची पुन्हा स्वतंत्र चाचणी घ्यावी, आणि कोणत्या केंद्राचे किती चालक तीत अनुत्तीर्ण झाले ते जाहीर करावे. एवढे केले, तरी दर्जा आपोआप सुधारू लागेल.

श्रोतेहो, कायदा व केंद्रे सरकारची. पण घर आपले आहे. आपण इंदूरला असा, बडोद्याला असा, की नागपूरला. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारे आईवडील आपल्या ओळखीत सापडतातच. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा वेगळी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाला परवाना काढून देताना मध्यस्थाकडे पैसे देऊन आपण एक खेप वाचविली असे वाटते. वास्तविक आपण त्याला, तू अजून तयार नाहीस, हे कोणीतरी वेळेवर सांगण्याची संधी गमावलेली असते. परीक्षेत नापास होणे हा अपमान नव्हे. एक महिना अधिक सराव करून पुन्हा परीक्षेला बसणारा तरुण स्वतःचे, घरच्यांचे आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे हितच करीत असतो.