पायाखाली मऊ लागते तेव्हा

२०११ च्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूत एकापाठोपाठ एक दोन जहाजे येऊन रुतली. जूनमध्ये आले ‘विज्डम’. भंगारात काढण्यासाठी ते गुजरातेतल्या अलंगला ओढून नेत होते. वाटेत दोर तुटला आणि ते भरकटत आमच्या दारी आले. जुलै सरता सरता ‘पवित’ आले. त्यावर तर माणूसच नव्हते. खलाशांनी ते आधीच ओमानजवळच्या समुद्रात सोडून दिले होते. बघायला सारी मुंबई लोटली. पाहुण्यांना घेऊन मीही दोनदा जाऊन आलो.

त्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर, मोरागावच्या बाजूला, वाळूवर ओढून ठेवलेली एक अठ्ठावीस फुटी फायबरची होडी होती. तिच्याकडे कोण बघणार? वरून ती गुळगुळीत, रंगवलेली, धडधाकट दिसत होती. आत मात्र ती कुजत होती. त्या कुजण्यात माझाही हात होता, हे मला कळायला आणखी बरीच वर्षे जायची होती.

गोष्ट १९९६ ची. मी तेव्हा उपनगरातल्या एका बँकेच्या शाखेत कर्जविभागात होतो. मोरागावचे एक नाखवा फायबरच्या होडीसाठी कर्ज मागायला आले. त्यांची लाकडी होडी वडिलांच्या वेळची होती. सागवान परवडेनासे झाले होते. दरवर्षी सांधे उकलायचे, कापूस ठासायचा, तेल चोळायचे. शिवाय जुहूला धक्का नाही. होडी वाळूवरून ढकलत न्यायची आणि परत आल्यावर माणसांच्या बळावर ओढून घ्यायची. हलकी होडी म्हणजे खांद्यांना तेवढाच आराम. जिथे बंदर नाही, नुसती वाळू आहे, तिथे फायबर उपयोगी पडते हे तोवर ठाऊक झालेले होते. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या बंगालच्या उपसागरातील प्रकल्पाने पूर्व किनाऱ्यावर असल्या होड्यांचे प्रयोग त्याआधीच केले होते. मी कागदपत्रे पाहिली आणि कर्ज मंजूर केले.

तारण मालावर ‘अमुक बँकेकडे तारण’ अशी पाटी लागते. नाखवा म्हणाले, “रंगवून घेतो, साहेब.” मी म्हणालो, रंग एका पावसात जाईल; पत्र्याची पाटी करा आणि पुढच्या डेकवर बसवा, चढणाऱ्याला लगेच दिसली पाहिजे. त्यांनी ऐकले. नाळेजवळ चार स्क्रूंनी पाटी बसली. मी फोटो काढून फाइलला लावला आणि आपण कामात किती पक्के, याचे समाधान मानले.

आता थोडे या डेकविषयी. फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेली. तिला गंज नाही, वाळवी नाही. पण नुसता पातळ पत्रा पायाखाली लवतो, आणि जाड केला तर जड होतो, महागही पडतो. म्हणून डेकमध्ये सँडविच करतात. वर एक पातळ थर, खाली एक, मध्ये हलके लाकूड. परदेशी नौकांत ते बाल्सा असते, आपल्याकडे बहुधा प्लायवूड. पुठ्ठ्याच्या खोक्याचे जे तत्त्व, तेच इथे. दोन कागद मधल्या नागमोडी पट्टीने एकमेकांपासून दूर धरलेले असतात, म्हणून पुठ्ठा ताठ राहतो. खोके भिजले की काय होते ते घर बदललेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून लाकूड आत घालणेच चूक, असे मात्र नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली. तिचे अंग लाकडाचे, काचेच्या कापडात आणि इपॉक्सीत गुंडाळलेले. तीच नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी पुढे कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. लाकूड टिकते, पण त्याच्यापर्यंत पाणी पोचता कामा नये.

पाणी म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. गंमत अशी की, डेकचा खरा वैरी समुद्र नाही, पाऊस आहे. खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला फारसे मानवत नाही. गोडे पाणी मानवते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून ते थेंब थेंब आत उतरते, दोन थरांच्या मध्ये पसरते आणि तिथेच राहते, कारण त्याला बाहेर यायला वाट नसते. ऊन वरचा थर तापवते, आत उबदार ओल राहते. बुरशीला आणखी काय हवे? जुहूच्या वाळूवर चार महिने पावसात उभी असलेली होडी म्हणजे तिच्यासाठी आयते घर.

२००३ मध्ये तारणाच्या पाहणीसाठी मी पुन्हा त्या होडीवर चढलो. पुढच्या डेकवर, पाटीशेजारी, पाय जरा रुतल्यासारखा झाला, गादीवर पडावा तसा. मी विचारले, “नाखवा, हे मऊ का लागतंय?” ते म्हणाले, “फायबर हाय साहेब, थोडा लवतोच.” मला घाई होती. हप्ते वेळेवर येत होते. ‘स्थिती समाधानकारक’ असे लिहून मी सही केली. पुढल्या वर्षी कर्ज फिटले. पाटी निघाली. भोकांत पुट्टी भरली गेली, वर रंगाचा हात फिरला.

२००६ मध्ये नाखवांचा मुलगा नांगर ओढत असताना त्याचा पाय डेकमधून गुडघ्यापर्यंत आत गेला. फुटलेल्या फायबरची कड पात्यासारखी असते. नडगी हाडापर्यंत सोलली. तीन महिने तो पोरगा खाटेवर होता आणि होडी वाळूवर. मग घाईने दुरुस्ती झाली. खड्डा बुजवला, वर मॅटचे दोन थर, त्यावर रंग. डेक पुन्हा ताठ झाला. मला कळले तेव्हा मी भेटून आलो, हळहळलो. माझी ती सही मात्र मला आठवली नाही.

बँकेत आम्ही याला ‘नवे-जुने करणे’ म्हणत असू. जुने कर्ज थकले की नवे द्यायचे, त्यातून जुने फेडून घ्यायचे. खाते वरून स्वच्छ. न आलेले व्याजही उत्पन्नात धरले जाई. नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ मध्ये आला, पुढल्या वर्षी रिझर्व्ह बँकेचे नवे निकष आले आणि वरचे थर उचलून आत बघण्याची वेळ सगळ्यांवरच आली. मी त्या निकषांची प्रशिक्षणे घेतली, दिलीसुद्धा. होडीवर मात्र ते शहाणपण सुचले नाही.

आता मी निवृत्त आहे. सकाळी फिरायला जातो तो मोरागावपर्यंत. नाखवा राहिले नाहीत. होडी मुलाकडे आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस तो डेकवर उकिडवा बसून रुपयाच्या नाण्याने ठोकत पुढे सरकताना दिसला. जिथे आवाज खणखणीत, तिथे ठीक. जिथे बद्द, तिथे खडूची खूण. मी पोचेपर्यंत निम्मा डेक खडूने भरला होता. बाजूला त्याची आई उभी होती, चिडलेली.

तिचे म्हणणे सोपे होते. जून-जुलैला मासेमारी बंद, तेव्हा होडी रिकामीच असते, तेव्हा कर. मे महिन्याच्या पैशावर पावसाळा काढायचा असतो. मुलाचे म्हणणेही सोपे होते. पावसात लाकूड सुकत नाही, फायबर धरत नाही. सुकवायचे तर मेच्या उन्हातच. कामाला सवड असते तेव्हा ऊन नाही, आणि ऊन असते तेव्हा सवड नाही. फायबरच्या जुन्या होडीवाल्याचे हे दुखणे कुठल्याच कर्जाच्या अर्जात लिहायला रकाना नसतो. कुणीतरी सुचवले, वरून भोके पाडून रेझिन सोडा, दोन दिवसांत काम होईल. मुलगा म्हणाला, “ओल्यावर रेझिन धरत नाय. एकदा फसलो. माझ्या पायाला इचारा.” आई गप्प झाली.

यंत्राची पाती फक्त वरच्या थराइतकीच खोल लावून त्याने खुणेच्या बाहेर चार बोटे कापले. वरचा थर झाकणासारखा उचलला. आतून आंबूस वास आला. प्लायवूड काळे पडले होते, हाताने ओढले तर भिजल्या भाकरीसारखे निघत होते. तो खरवडत गेला, कोरडे, टणक लाकूड लागेपर्यंत. खडूची रेघ ओलांडून आणखी हातभर जावे लागले. मधोमध, सगळ्यात काळ्या जागी, चार भोके होती. चौकोनात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

तो म्हणाला, “इथे काय होतं कोण जाणे.” मला ठाऊक होते. मी सांगितले, सहीचेही सांगितले. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काका, नांगराच्या खुंट्याकडूनबी पाणी आलंय. सगळं तुमच्या पाटीचं नाय.” हा त्याचा मोठेपणा.

बारा दिवस डेक उघडा ठेवला. रात्री ताडपत्री, दिवसा ऊन. मग त्याने प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले. आणखी चार दिवस. पुन्हा प्लास्टिक. या खेपेला कोरडे. या सोळा दिवसांत शेजारच्या होड्या रोज जात होत्या, मासळी आणत होत्या.

मग नवे प्लायवूड आले, आयएस ७१० चा शिक्का असलेले, मरीन. कडा, खालची बाजू, सगळे आधी इपॉक्सीत न्हाऊ घातले आणि घट्ट इपॉक्सीच्या गादीवर दाबून बसवले, खाली हवा राहू नये म्हणून वजने ठेवली. जुन्या फायबरची कड घासून उतरती केली. थराच्या जाडीच्या बारा पट रुंद, म्हणजे चार मिलिमीटरला जवळजवळ दोन इंच. नुसते टोकाला टोक लावले तर सांधा तिथेच उकलतो. घासताना तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीतही जाते. मॅटचे थर पहाटे आणि संध्याकाळी चढले, कारण मेच्या दुपारी हार्डनर घातलेला माल डब्यातच दगड होतो.

सगळ्यात वेळ गेला तो भोकांना. खुंट्याच्या प्रत्येक बोल्टसाठी त्याने दुप्पट मोठे भोक पाडले, ते इपॉक्सीने भरले, ते वाळल्यावर मधोमध बोल्टचे भोक पाडले. आता पाणी शिरलेच तरी लाकडाला लागणार नाही. हे काम एका भोकाला दहा मिनिटांचे आहे. १९९६ मध्ये कुणी केले असते तर एक पाय वाचला असता. करायला सांगणारा मीच असायला हवा होतो.

नारळी पौर्णिमेला मी नारळ घेऊन गेलो. होडी रंगवून तयार होती. मुलगा म्हणाला, “काका, चढा. तुमची पाहणी बाकी हाय.” मी चपला वाळूत काढल्या, पुढच्या डेकवर उभा राहिलो, टाचेवर भार दिला. काही हलले नाही. खिशातून रुपया काढून ठोकला. खणखणीत.

उतरताना नाळेकडे पाहिले. नंबर आणि होडीचे नाव, दोन्ही रंगाने लिहिलेले होते.