दौलतीपलीकडचा स्वार : माइक हेलवूड

मोटारसायकलींच्या एका मातबर व्यापाऱ्याच्या घरी २ एप्रिल १९४० रोजी जन्मलेल्या, आणि सतराव्या वर्षी पहिल्या शर्यतीस उतरला तेव्हापासून ज्याच्या दिमतीस पित्याने उत्तमोत्तम यंत्रे हजर ठेवली, त्या माइक हेलवूडचे यश बापाच्या दौलतीचे, असा शेरा इंग्लंडात मारला जावा यात नवल नाही. शेरा निराधारही नव्हता. परंतु ९ जगज्जेतेपदे आणि ७६ ग्रांप्री विजय एवढी जमा केवळ दौलतीच्या खात्यावर मांडता येत नाही.

आयल ऑफ मॅन बेटावरील टीटी स्पर्धेत १९६१ साली एकाच आठवड्यात त्याने तीन शर्यती जिंकल्या. चौथी, आघाडीवर असताना, पिस्टनची पिन तुटल्याने हातची गेली. पुढे १९६२ ते १९६५ पर्यंत इटलीच्या एमव्ही ऑगस्टावर ५०० सीसीचे जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहिले. हा कालखंड मला मात्र फारसा बोधक वाटत नाही, कारण त्या यंत्राच्या तोडीचे दुसरे यंत्रच त्या काळी मैदानात नव्हते.

खरी कसोटी १९६७ च्या सीनियर, म्हणजे ५०० सीसीच्या, टीटीत लागली. आता त्याच्या हाती असलेले होंडाचे यंत्र सामर्थ्याने अजोड, पण चौकट त्या सामर्थ्यास पेलणारी नव्हती, त्यामुळे भर वेगात ते स्वाराच्या हुकमाबाहेर हेलकावे खाई. आणि मार्ग कसला, तर गावांतून, दगडी कुंपणांना खेटून व स्नेफेलच्या डोंगरावरून जाणारा, सुमारे ६० किलोमीटरांच्या फेरीचा सार्वजनिक रस्ता! त्यातच वेगनियंत्रणाची मूठ सैल झाली. मध्यंतरीच्या थांब्यावर हातोडा मागवून ती ठोकून बसवावी लागली. अशा स्थितीत त्याने ताशी १०८.७७ मैलांची फेरी काढली, आणि तो विक्रम १९७५ पर्यंत अबाधित राहिला. प्रतिस्पर्धी जाकोमो आगोस्तिनीच्या यंत्राची साखळी तुटली, म्हणून दैवाचाही वाटा मान्य केला पाहिजे. विक्रमी फेरी मात्र दैवाने काढलेली नव्हती.

१९६८ साली होंडाने ग्रांप्रीतून अंग काढून घेतले, आणि दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर बसू नये म्हणून हेलवूडलाच मोबदला दिला. तो मोटारींच्या शर्यतींकडे वळला. १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे पेटलेल्या मोटारीत अडकलेल्या स्पर्धक क्ले रेगाझोनीला सोडवताना त्याच्या स्वतःच्या अंगावरील कपड्यांनी पेट घेतला; ती आग विझताच तो पुन्हा आत शिरला व रेगाझोनीला बाहेर काढूनच थांबला. या धैर्याबद्दल त्याला जॉर्ज पदक बहाल झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या अपघातात पायास जबर दुखापत होऊन ती कारकीर्दही संपली.

आणि तरीही १९७८ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर तो टीटीत परतला. त्या अधू पायानिशी, पित्याने नव्हे तर मँचेस्टरच्या एका विक्रेत्याने सिद्ध केलेल्या डुकाटीवर बसून, होंडाच्या फिल रीडला मागे सारीत त्याने टीटीतील फॉर्म्युला वन या मोटारसायकल वर्गाची शर्यत जिंकली. आणि दुसऱ्या वर्षी सुझुकीवर सीनियर टीटीही.