परड्यातले वेल (७) : फळाचं कृष्णकमळ

मागच्या भागातला पडवळाचा मांडव एका हंगामाचा. आजचा वेल चार-पाच वर्षं टिकतो, त्यामुळे मेढी भक्कम हव्यात आणि वर जाड तार हवी. हलक्या काठ्यांवर हा सोडला तर दुसऱ्या पावसाळ्यात मांडवासकट खाली येईल.

कृष्णकमळ म्हटलं की निळंजांभळं फूल डोळ्यांपुढे येतं: शंभर कौरव, पाच पांडव, मधोमध तिघे देव. स्पॅनिश मिशनऱ्यांना दक्षिण अमेरिकेत याच कुळातल्या फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले. शोभेसाठी लावतात त्या कृष्णकमळाला आपल्याकडे क्वचितच फळ धरतं. खायचं फळ देणारा वेल त्याचा भाऊबंद, बाजारात त्याला पॅशन फ्रूट म्हणतात. फूल पांढरं, आत जांभळ्या तंतूंची झालर. शोभेत तो कुठे कमी नाही.

त्यात जांभळ्या सालीचा प्रकार थंड, उंच जागी रमतो; कोडगू, निलगिरी, मणिपूर-नागालँडकडे तोच. पिवळ्या सालीचा सखल, उष्ण भागातला. आपल्या पोलादपूर तालुक्यातलं, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं उमरठ डोंगरांनी वेढलेलं आहे खरं, पण आंबेनळी घाट चढून गेल्यावर लागते ती थंड हवा इथे नाही. मे महिन्याची काहिली इथल्या पोलादपूरकरांना सांगायला नको. इथे पिवळाच लावावा.

मात्र या पिवळ्याची एक खोड आहे. स्वतःच्या परागावर तो फळत नाही, दुसऱ्या वेलाचा पराग लागतो. आणि फांदी खोचून केलेलं रोप म्हणजे दुसरा वेल नव्हे, तोच तो. आपल्याकडे वेल वाडीभर पसरतो तो शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या फांदीनं. पाच घरांत एकाच वेलाच्या फांद्या लागल्या तर पाचही मांडव फुलतील आणि पाचही रिकामे राहतील. मग दोष खताला, पाण्याला, नाहीतर कुणाच्या नजरेला! म्हणून निदान दोन रोपं बियांची करावीत, त्यातही बिया दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांतल्या. गर धुऊन ताज्याच पेरल्या तर दोन ते चार आठवड्यांत रुजतात.

एवढं करूनही पराग पोचवणारं कुणीतरी लागतंच. पिवळ्याचं फूल दुपारच्या सुमारास उमलतं आणि रात्री मिटतं. मधमाशी त्याच्या मानानं लहान पडते. पराग घेऊन जाते, पण स्त्रीकेसराच्या वरच्या तीन टोकांना तिचा स्पर्श होईलच असं नाही. हे काम काळ्या भुंग्याचं. तोच भुंगा, जो पडवीच्या वाशाला भोकं पाडतो म्हणून आपण हाकलतो. मांडवाच्या कोपऱ्यात दोन-चार सुके बांबू बांधून ठेवले तर त्याला घर मिळतं आणि वाशांवरचा डोळाही थोडा कमी होतो. भुंगे दिसत नसतील तर दुपारी एका वेलाचा परागकोश दुसऱ्याच्या फुलातल्या त्या तीन टोकांवर हातानं घासावा.

पावसात हातही उपयोगी पडत नाही. परागकणाला पाणी लागलं की तो फुटतो, आणि या तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भर पावसातली फुलं नुसती पाहायची. फळाची आशा पाऊस उघडल्यावरच्या फुलांवर ठेवावी.

लावताना मातीचा उंचवटा करावा. पागोळ्या पडतात तिथे रोप कधीच नको. बुंध्याशी पाणी साचलं की मुळं कुजतात आणि हिरवागार वेल अचानक मान टाकतो. उन्हाळ्यात उलटी गत. ज्या डोंगरवाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे वेलाला पाणी कुठून आणायचं? न्हाणीचं पाणी, साबण बेताचा असेल तर, चालतं. बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्यावा. फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून फळं संपल्यावर जुन्या फांद्या छाटाव्यात.

फळ धरल्यापासून पिकायला दोन-अडीच महिने लागतात. ते तोडायचं नसतं, पिकलं की आपण होऊन गळतं. साल थोडी सुरकुतली की गर अधिक गोड लागतो. हिरवं फळ मुलांच्या हाती देऊ नये. कच्च्या फळात आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. माकडं काही गळायची वाट पाहत नाहीत. त्यामुळे मांडव घराजवळ, येता-जाता नजर पडेल असा घालावा आणि पडलेली फळं सकाळी पहिल्यांदा वेचून घ्यावीत.