बर्फातली धाव आणि परतीचं शहाणपण

डोंबिवलीत थंडी पडते ती मुख्यतः वर्तमानपत्रात. 'पारा घसरला' असा मथळा वाचून आम्ही कपाटातून स्वेटर काढतो, डांबरगोळ्यांच्या वासासकट तो दोन दिवस मिरवतो आणि तिसऱ्या दिवशी लोकलच्या गर्दीत घामाघूम होऊन पुन्हा घडी घालून ठेवतो. अशा शहरातली माणसं बर्फात मॅरेथॉन धावायला जातात, असं कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते मी पुष्कळदा पाहिले आहेत. कारण त्या माणसांपैकी एक मी आहे. वय सत्तेचाळीस, नोकरी मुंबईत, मुक्काम डोंबिवली पूर्व.

धावण्याचं वेड आमच्या घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून शिरलं. नवऱ्याची साखर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, एकटं चालायला कंटाळा येतो म्हणून मी सोबत निघाले. सावळाराम महाराज क्रीडासंकुलाच्या आसपास चालता चालता कधी धावायला लागलो ते आमचं आम्हालाच कळलं नाही. आज पहाटे पाच वाजता ठाण्यात उपवन तलावाकाठी किंवा कल्याणला खाडीच्या बाजूला गेलात, तर आमच्यासारखी अर्ध्या चड्डीतली प्रौढ मंडळी तुम्हाला हटकून दिसतील. कुणी साखरेपायी आलेलं, कुणी रक्तदाबापायी, कुणी निव्वळ घरातल्या कटकटीतून तासभर सुटका म्हणून.

आमच्या जिल्ह्याची आपली म्हणावी अशी शर्यत म्हणजे ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन. २०१९ नंतर तिच्यात सहा वर्षांचा खंड पडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा भरली. नावाप्रमाणेच ती पावसातली. बूट पचपच वाजताहेत, कपाळावरून पाण्याचे ओघळ वाहताहेत आणि दुतर्फा लोक छत्र्या सावरत टाळ्या वाजवताहेत, असा तिचा थाट. आपल्याकडे पावसात भिजणं हा धावणाऱ्याला आशीर्वाद आहे. पाऊस कोमट असतो, शरीराची भट्टी त्याने आटोक्यात राहते. ठाण्याचा धावपटू असा ओल्याला सरावलेला, किंबहुना ओल्यावर प्रेम करणारा. हिमालयात जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी विसरायची होती ती हीच सवय.

हिवाळी शर्यतींची हवा आपल्याकडे तशी अलीकडची. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये सिस्सू गावी मार्च २०२२ मध्ये बर्फावरची मॅरेथॉन झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे दहा हजार फुटांवरचं हे गाव पूर्वी हिवाळ्यात रोहतांगच्या पलीकडे अडकून पडायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून तिथे तासाभरात पोचता येऊ लागलं. मग २० फेब्रुवारी २०२३ रोजी लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर, लुकुंगपासून मान गावापर्यंत, २१ किलोमीटरची शर्यत झाली. उंची १३,८६२ फूट, धावणारे अवघे पंच्याहत्तर. गिनेस बुकात तिची नोंद झाली.

पण मराठी मुलखातला धावपटू परक्या गारठ्यात उतरला तो काही आज नव्हे. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. १९२० साली भारताचा पहिला ऑलिंपिक संघ अँटवर्पला गेला, त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची आणि सर दोराबजी टाटांची खटपट होती. त्या संघात मॅरेथॉनसाठी दोघे होते : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. २२ ऑगस्टला शर्यत झाली. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. हवा गार आणि वर पाऊस. जिंकला तो फिनलंडचा हानेस कोलेहमाइनन. थंडी त्याच्या घरचीच. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातारांच्या नावापुढे मात्र एवढीच नोंद आहे, की शर्यत अपूर्ण.

चौगुल्यांचं कौतुक कुणालाही वाटेल. मला मात्र हल्ली दातारांची आठवण जास्त येते. त्याचं कारण पुढे सांगते.

आमची तयारी वर्षभर चालली होती. चढासाठी येऊर, पायऱ्यांसाठी मलंगगड, आणि पाय रुतण्याची सवय व्हावी म्हणून अर्नाळ्याची वाळू. शेजारच्या काकांनी अत्यंत गंभीरपणे सल्ला दिला, की रोज तासभर बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसा. चेष्टा सोडा, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. आपल्याकडे राहून पाय तयार होतात, छाती तयार होते. थंडीची आणि उंचीची तयारी मात्र तिथे गेल्याशिवाय होत नाही.

त्यातल्या त्यात हातात होते ते कपडे. 'सुती कपडा अंगाला चांगला' हे ऐकत आपण वाढलो. बर्फात तोच कपडा वैऱ्यासारखा वागतो. घाम पिऊन बसतो, वाळत नाही आणि अंगाची ऊब शोषत राहतो. म्हणून तीन थर घालायचे. आतला घाम बाहेर ढकलणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. हातमोजे पाच बोटांचे घेण्याऐवजी पिशवीसारखे घ्यावेत. बोटं शेजारी शेजारी राहिली की एकमेकांना ऊब देतात. आमच्या सासूबाईंनी विणलेल्या लोकरी मफलरला मुलांनी हसून घेतलं होतं. पण लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. तेव्हा सगळ्या आधुनिक सामानात तो मफलर मानाने आला.

नंतरच्या एका मार्चमध्ये कल्याणहून पंजाब मेलने दिल्ली आणि तिथून रात्रभराच्या बसने मनाली, असे आम्ही पोचलो. मनाली साडेसहा हजार फुटांच्या वर आहे. तिथे दोन दिवस काढून सरावासाठी म्हणून आम्ही बोगद्यातून सिस्सूला गेलो. पलीकडच्या तोंडातून गाडी बाहेर पडली आणि डोळेच दिपले. जिकडे पाहावं तिकडे पांढरं, मध्ये चंद्रा नदीची काळसर रेघ. तासभर हळूहळू धावलो. परतताना नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. मग मळमळ, मग उलटी. मनालीत खाली आल्यावर रात्रीपर्यंत त्याला बरं वाटलं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, 'इतक्यात पुन्हा वर जायचं नाही.'

गंमत अशी, की आम्हा दोघांत तयारी त्याची चांगली होती. वेग त्याचा, दम त्याचा. पण उंचीचा आजार तब्येत बघून येत नाही; धट्टाकट्टा माणूस आडवा होतो आणि शेजारचा किडकिडीत सुखाने चहा पितो. दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम सत्तर टक्के. त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात. पूर्वी घाट चढताना ते दिवस आपोआप मिळायचे. बोगद्याने रस्ता जवळ केला खरा, पण आपल्या रक्ताला हे कुणी कळवलेलं नसतं.

त्या रात्री नवऱ्याने छातीवर लावायचा क्रमांक पिशवीतून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा ठेवून दिला. एवढंच. मग म्हणाला, 'तू जा. मी इथे खालीच बरा आहे.' वर्षभर पहाटे चारचा गजर लावणाऱ्या माणसाला हे म्हणणं किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे. मी जावं की नाही, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तो जिंकला.

शर्यतीबद्दल थोडक्यात सांगते. सकाळी बर्फ कडक असतो. पाऊल सपाट टाकायचं आणि लहान टाकायचं. टाच आपटली की घसरलातच. ऊन वर आलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. मग अर्नाळ्याची वाळू आठवते, फक्त ही वाळू वितळून बुटात शिरते. काळा चष्मा काढायची सोय नसते, कारण बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळे भाजून काढतं. तहान लागत नाही, म्हणून आठवणीने प्यावं लागतं. सगळ्यात कठीण म्हणजे वेग बेताचा ठेवणं. जोरात पळालं तर घाम येतो, घामाने आतला कपडा भिजतो, आणि थांबलात की तोच घाम गार पडून हाडं गोठवतो. घामाच्या अलीकडे आणि कुडकुडण्याच्या पलीकडे अशी एक बारीक पट्टी असते, तिच्यावरून जायचं. ठाण्यातले माझे अडीच तास तिथे चार तासांच्या घरात गेले. माझ्यामागेही बरेच होते.

मी पदक घेऊन आले, नवरा कोरा क्रमांक घेऊन. सोसायटीत मग चौकशा सुरू झाल्या. 'वहिनी धावल्या आणि तुम्ही नाही?' लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न. विचारणारे सगळे चांगले लोक. पण एवढं गेलात, एवढा खर्च केलात, तर पुरं करूनच यायचं ना, हा आपला मध्यमवर्गीय हिशोब त्या प्रश्नात असतो. सहलीचे पैसे भरले म्हणून तापातही सहल करणारी माणसं आपण. ताटात वाढलेलं संपवायचं, हाती घेतलेलं तडीस न्यायचं. संस्कार म्हणून हे उत्तमच आहे. डोंगराला मात्र आपले संस्कार माहीत नसतात.

हा हिशोब किती महाग पडू शकतो, हे मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात दिसलं. डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत, १७२ धावपटू, त्यांत देशातले नामवंत. सकाळी निघाले तेव्हा अनेकांच्या अंगात अर्धी चड्डी आणि पातळ बनियन. दुपारी अचानक गारांचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, आणि २१ जण गारठून गेले. हिवाळा नव्हता, बर्फाचे ढीग नव्हते. ओल आणि वारा, एवढ्यांनीच घात केला. एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. हे वाचलं तेव्हा वर्षा मॅरेथॉनमधली आमची भिजलेली बनियन माझ्या डोळ्यांपुढे आली. तेच पाणी, तोच कपडा. फरक फक्त हवेचा.

शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरू लागलं, की पहिला बळी जातो तो विवेकाचा. माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो आणि तरीही 'मी ठीक आहे' म्हणतो. म्हणजे परत फिरायचा निर्णय घ्यायची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा तो घ्यायची शक्तीच गेलेली असते. म्हणून हा निर्णय आधी, डोकं शाबूत असताना आणि शक्यतो दुसऱ्याच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. नवऱ्याने मनालीत नेमकं तेच केलं. अँटवर्पच्या पावसात दातार का थांबले ते मला ठाऊक नाही. पण शर्यत अपूर्ण असं लिहिलेल्या त्या नोंदीकडे मी आता कमीपणाने बघत नाही. अर्धवट शर्यतीचा धनी घरी तर आलेला असतो.

आमच्या पहाटेच्या गटातल्या कुणाला आता हिमालयात धावायला जायचं असलं, तर चौकशीला तो माझ्याकडे येतो आणि मी त्याला नवऱ्याकडे पाठवते. तो सांगतो ते असं : चार दिवस जास्तीची रजा काढा. वर पोचल्यावर पहिले दोन दिवस धावण्याचं नाव काढू नका. वारा अडवणारं जाकीट शेवटच्या क्षणी वजन वाटतं म्हणून खोलीवर ठेवू नका. डोकं दुखून मळमळायला लागलं, तर गोळी घेऊन पुढे जाऊ नका, खाली उतरा. आणि परतीचं तिकीट काढतानाच मनाशी ठरवून ठेवा, की न धावताही परत येऊ शकतो.

पँगाँगच्या त्या शर्यतीला आयोजकांनी 'शेवटची धाव' असं नाव दिलं होतं. हवा अशीच तापत राहिली तर गोठलेल्या तळ्यावर धावण्याची वेळ पुढे येणार नाही, हे त्यांना सुचवायचं होतं. नवऱ्याला मात्र अजून एकदा सिस्सूला जायचं आहे. या वेळी सावकाश, आठवडाभर वर राहून. कोरा क्रमांक त्याने कपाटात, त्या डांबरगोळ्यांच्या स्वेटरखाली जपून ठेवला आहे. बर्फ तोवर थांबेल का, एवढीच काय ती धास्ती.